समुद्रकाठच्या गॅरेजला मोटर कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हर्णैजवळ समुद्रापासून साधारण तीनशे मीटरवर घर आहे. घरापासून सुटं असं चिऱ्याचं गॅरेज, वर पत्रा, समोर दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच मोकळी जागा. आईबाबा तिथे कायम राहतात, तुम्ही ठाण्याहून महिन्यातून एखादी फेरी मारता. बाबा सत्तरीचे आहेत, जुनं शटर त्यांना उचलवत नाही. तीन जणांनी तीन कोटेशनं दिली आहेत: एक साइड मोटरचं, एक सेंट्रल मोटरचं आणि एक छताखाली सरकणाऱ्या सेक्शनल दाराचं, वर आयात केलेला ओपनर, म्हणजे दार उघडणारी मोटर. दमट हवेत यातलं काय टिकेल, असं तुम्ही विचारलंय.

मी वीस वर्षं दापोली-गुहागरपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत शटर आणि गेटच्या मोटरा बसवतो आणि दुरुस्त करतो. माझं मत आधीच सांगतो. सेंट्रल मोटर घ्या. पण मोटरीच्या आधी पैसे शटरवर, स्प्रिंगवर आणि गॅरेजला बाजूने एक छोटा दरवाजा काढण्यावर खर्च करा. कोकणात "मोटर जळली" म्हणून मला जे फोन येतात, त्यातल्या बहुतेक वेळा मोटर बिचारी शेवटी मेलेली असते. त्याआधी शटर जड झालेलं असतं, स्प्रिंग सैल पडलेली असते किंवा मोटर चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डात ओल गेलेली असते.

हवा नेमकं काय करते ते आधी समजून घ्या, कारण निवड त्यावरच अवलंबून आहे. लोकांना वाटतं पाऊस वाईट. पाऊस वाईट आहेच, आपल्याकडे रत्नागिरी पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण लोखंड खाण्याचं काम मुख्यतः मीठ करतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात आणि पत्र्यावर बसतात. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच ओलं होतं. आपल्याकडे रात्री आर्द्रता बहुतेक महिने याच्या वरच असते. म्हणजे डिसेंबरात थेंबभर पाऊस नसतानाही तुमचं शटर रात्रभर खाऱ्या पाण्यात असतं. त्यात गरमी. ओल असताना गरमी जितकी जास्त, तितकी गंजण्याची क्रिया वेगाने होते.

याच्यातली गंमत बघा, म्हणजे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे ही. शटरचा जो भाग पावसात धुतला जातो तो कमी गंजतो. जो वळचणीला असतो, जिथे पाऊस पोचत नाही पण वारा पोचतो, तिथे मीठ साठतच जातं. म्हणून शटर बाहेरून बरं दिसतं आणि वरच्या गुंडाळीत, शटर ज्यावर गुंडाळतं त्या पाईपवर, ब्रॅकेटच्या मागे पापुद्रे सुटलेले असतात. नेमकी तिथेच आपण मोटर बसवतो.

आता तुमच्या तीन कोटेशनांकडे येऊ.

सेक्शनल दार दिसायला सुंदर असतं, मला स्वतःला ते आवडतं. पण त्यात बिजागऱ्या, छोटी चाकं, दोन्ही बाजूंच्या तारा आणि वर टॉर्शन स्प्रिंग, इतके हलणारे भाग येतात. समुद्रापासून तीनशे मीटरवर यातला प्रत्येक भाग गंजण्याची जागा आहे. टॉर्शन स्प्रिंग प्रचंड ताणलेली असते, ती गावातल्या कोणाही मेस्त्रीने उघडायची वस्तू नाही, हात जाऊ शकतो. तुटली तर मुंबई-पुण्याहून माणूस येईपर्यंत गाडी आत. शिवाय ओपनर छताला टांगतात, आणि तुमच्या पत्र्याखाली एप्रिल-मेच्या दुपारी छताजवळची हवा गॅरेजभर सगळ्यात तापलेली असते. बहुतेक ओपनरच्या पुस्तकात चालण्याची मर्यादा 50 ते 55 अंश दिलेली असते, तापलेल्या पत्र्याला चिकटून ती सहज गाठली जाते. बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना ठोकताळा आहे आणि माझ्या कामात तो खरा ठरत आलाय. तरीही कोणाला हेच दार हवं असेल तर साखळीऐवजी बेल्टवाला ओपनर घ्यावा, पॅनल लाकडी भुशाचं नको, आणि पत्र्याखाली आधी फॉल्स सीलिंग किंवा इन्सुलेशन करून घ्यावं. तुमच्यासाठी मी नाही म्हणेन.

साइड मोटर म्हणजे शटरच्या पाईपच्या एका टोकाला भिंतीवर बसणारी मोटर. ती साखळी आणि दात्याच्या चाकांनी पाईप फिरवते. ताकद भरपूर, मोठ्या गोडाऊनला हीच लागते. वीज गेली तर हातचेन ओढून शटर वर घेता येतं. पण तुमचं शटर ऐंशी चौरस फुटांचं आहे. 18 गेजचा पत्रा म्हणजे 1.2 मिलिमीटर, सपाट असताना एक चौरस मीटर साडेनऊ किलोच्या आसपास भरतो. पट्टीच्या वळणांमुळे त्यात तिसरा हिस्सा तरी वाढतो. तुमचं क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटर, वर गुंडाळीत राहणारा भाग आणि खालचा अँगल धरा, तर शटर साधारण शंभर ते सव्वाशे किलो होईल. एवढ्यासाठी उघडी साखळी गंजत ठेवायची गरज नाही. आणि एक मोठी अडचण: हातचेन आतल्या बाजूला असते. तुमच्या गॅरेजला दुसरा दरवाजा नाही. वीज नसताना माणूस बाहेर, चेन आत.

हे मी का घोकून सांगतोय ते ऐका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. तुम्हाला आठवतच असेल, दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत त्यानंतर आठवडे वीज नव्हती. वादळानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी मला एका वाडीतून बोलावणं आलं. रस्त्यावरची झाडं बाजूला करत मोटरसायकलने पोचलो. घरातल्या आजींना दवाखान्यात न्यायचं होतं, गाडी गॅरेजमध्ये आणि शटर बंद. शटरची मोटर दुसऱ्या कोणी बसवली होती, चांगल्या कंपनीची होती, कसलाही बिघाड नव्हता. फक्त वीज नव्हती, आणि मोटर सोडवायची किल्ली गॅरेजच्या आत खुंटीला टांगलेली होती. शेवटी पत्रा काढून मुलाला वरून आत उतरवलं. आजी ठीक आहेत, पण तो अर्धा तास मी विसरलो नाही. त्या दिवसापासून दुसरा दरवाजा नसलेल्या गॅरेजला बाहेरून रिलीज होण्याची, म्हणजे मोटर सोडवून शटर हाताने उचलण्याची सोय असल्याशिवाय मी मोटर बसवत नाही.

म्हणून सेंट्रल मोटर. ती शटरच्या पाईपवरच मधोमध बसते, दोन्ही बाजूंना स्प्रिंगा असतात. शटरचं वजन स्प्रिंगा पेलतात, मोटर फक्त ढकलते. रिलीजची तार ओढली की ब्रेक सुटतो आणि शटर हाताने वर जातं. स्प्रिंगा नीट भरलेल्या, म्हणजे पुरेशा ताणलेल्या असतील तर बाबांना एका हाताने उचलता येईल. साखळी नाही. तुमच्या मापाला ती पुरेशी आहे. दीडशे चौरस फुटांच्या वर शटर असतं तर मी साइड मोटरच सांगितली असती. रिलीजची तार बाहेर आणून भिंतीत कुलपाच्या छोट्या डबीत बसवता येते. पण त्याहून चांगलं म्हणजे गॅरेजच्या परसाकडच्या भिंतीत अडीच फुटांचा दरवाजा काढणं. चिरा कापायला एक दिवस लागेल. वीज नसतानाची सोय होईल आणि हवाही खेळेल.

हवा खेळण्याचं महत्त्व मी जितकं सांगेन तितकं कमी आहे. बंद गॅरेजमध्ये पावसातून आलेली ओली गाडी उभी केली की रात्रभर तिचं पाणी आतल्या हवेत जातं, पहाटे पत्रा गार झाला की तेच पाणी मोटरीवर थेंब होऊन बसतं. नवीन शटर करताना वरच्या दोन फुटांत जाळीच्या पट्ट्या घाला. शटर हलकंही होईल.

शटर कशाचं? जुनं शटर रंगवून त्यालाच मोटर लावायचा मोह होईल, तो आवरा. आतून गंजलेली पट्टी शेजारच्या पट्टीत अडकते आणि मोटरीला ते ओझं रोज ओढावं लागतं. तीनशे मीटरवर मी ॲल्युमिनियमची पट्टी घेईन. वजन लोखंडाच्या जवळपास एक तृतीयांश, आणि खाऱ्या हवेत कितीतरी जास्त टिकते. बजेट नसेल तर गॅल्वनाइज्ड पट्टी, वर पावडर कोटिंग. नुसतं काळं लोखंड आणि वर रेड ऑक्साइड, हे समुद्रकाठी दोन पावसाळ्यांचं काम आहे. ॲल्युमिनियम घेतलंत तर त्याला साधे लोखंडी स्क्रू मारू देऊ नका. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की एक दुसऱ्याला खातो, स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागते आणि भोक मोठं होत जातं. स्टेनलेसचे स्क्रू आणि मध्ये नायलॉनचा वायसर घ्या. स्टेनलेस म्हणताना 316 मागा. 304 ला समुद्रकाठी चहाच्या डागांसारखे तांबूस ठिपके येतात.

गाईड म्हणजे शटर ज्यातून वरखाली सरकतं त्या बाजूच्या पट्ट्या. त्यांच्या तळाशी, जिथे शटर जमिनीला टेकतं, तिथे पाणी साचतं. दोन्ही गाईडना खाली बोटभर खाच ठेवायला सांगा, पाणी निघून गेलं पाहिजे. सगळं शटर ठणठणीत आणि फक्त तळाचा वीतभर भाग कुजलेला, अशी शटरं मी ढिगाने बदलली आहेत.

आता तुमच्या चिऱ्याच्या भिंतीबद्दल. बाहेरून आलेला फिटर ड्रिल करून साधे फास्टनर, म्हणजे भोकात फुगून बसणारे बोल्ट ठोकतो, कारण शहरात काँक्रीटमध्ये ते घट्ट बसतात. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ. फास्टनर फुगला की आतला दगड चुरतो, त्या दिवशी घट्ट वाटतो आणि मोटरीच्या हादऱ्याने सहा महिन्यांत हलायला लागतो. ब्रॅकेट भिंतीतून आरपार बोल्टने बांधा, पलीकडे लोखंडी प्लेट द्या. किंवा ब्रॅकेटच्या जागी दोन चिरे काढून काँक्रीटचा ठोकळा ओतून घ्या. शंभर किलोचं वजन माणसांच्या डोक्यावर लटकणार आहे, इथे घाई करू देऊ नका.

मोटर निवडताना दुकानदार तुम्हाला आयपी नंबर सांगेल. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. IP44 म्हणजे उडालेल्या पाण्यापासून बचाव, IP65 म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि पाण्याची धार सोसणारं. पण हा नंबर ओलसर हवा आणि मीठ यांच्याबद्दल काहीच बोलत नाही. IP65 च्या डब्यातही रात्री आतल्या हवेचं पाणी होतं. म्हणून मी दोन वेगळे प्रश्न विचारतो: बोर्डावर ओल अडवणारा लॅकरचा थर आहे का, आणि बोर्ड मोटरीपासून वेगळा बसवता येतो का. वेगळा येत असेल तर तो वर तापलेल्या पत्र्याखाली नको, आतल्या भिंतीवर छातीच्या उंचीला, IP65 डब्यात बसवा. वायर डब्यात खालूनच आणा, ग्लँडमधून, म्हणजे भोकात वायर घट्ट धरणाऱ्या बुचातून, आणि डब्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळातून टपकेल, आत शिरणार नाही. डबा सगळीकडून सिलिकॉनने बुजवू नका. तळाला एक बारीक भोक हवं, त्याला जाळीचा तुकडा.

जाळी का, ते सांगतो. मागच्या पावसाळ्यानंतर मी एक कंट्रोल बॉक्स उघडला. रिमोट दाबला की शटर एक वीत उचलायचं आणि थांबायचं. झाकण काढलं तर रिलेच्या दोन टर्मिनलांवर एक पाल आडवी, वाळून कागदासारखी झालेली, शेपटी एका स्क्रूला चिकटलेली. खाली मुंग्यांनी आणलेल्या मातीचा थर, आणि तांब्याच्या वायरीच्या टोकांवर हिरवी पूड. बोर्ड वाचला, साफ करून टर्मिनलं बदलली. पण ग्लँड न लावता मोकळ्या सोडलेल्या एका भोकातून हे सगळं आत गेलं होतं. उबदार जागा म्हणून पाली तिथे येतातच.

विजेचं काय. पावसाळ्यात संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज किती असतं ते मीटर लावून बघा. साध्या एसी मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. 230 ऐवजी 170 आलं तर जोर निम्म्यापेक्षा थोडाच जास्त राहतो. मोटर गुरगुरते, शटर हलत नाही, वाइंडिंग तापतं. व्होल्टेज कायम कमी असेल तर मोटरीची क्षमता एक पायरी वरची घ्या. घरचा इन्व्हर्टर जोडणार असाल तर तो साइन वेव्ह असला पाहिजे, आणि मोटर सुरू होताना कित्येक पट करंट ओढते याचा हिशेब धरा. डीसी मोटर बॅटरीवर चालते, हळू सुरू होते, अडथळा लागला की लवकर थांबते, हे सगळं खरं आहे आणि सरकत्या गेटसाठी मी हल्ली तीच सुचवतो. पण शटरच्या सेंट्रल मोटरीत एसीचा साधेपणा तुमच्या कामाचा आहे. कपॅसिटर गेला तर दापोलीत मिळतो, वाइंडिंग तालुक्यात होतं.

मोटर सलग तीन-चार वेळा वरखाली केली आणि बंद पडली तर घाबरू नका. आतला थर्मल कटऑफ पडतो, पंधरा-वीस मिनिटांत ती स्वतः सुरू होते. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते बटण दाबत बसतील. मे महिन्यात हे लवकर होतं.

वीज पडण्याची भीती आपल्याकडे मे-जूनमध्ये, पावसाळ्याआधीच्या पावसात आणि ऑक्टोबरात जास्त. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग चांगलं मिळत नाही, उन्हाळ्यात तर खड्डा कोरडा पडतो. गॅरेजसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा घ्या, त्याला पाणी घालत राहा, आणि बोर्डाआधी सर्ज प्रोटेक्टर लावा. काही जण पावसाळाभर मोटरीचा एमसीबी पाडून ठेवतात. मी उलट सांगतो. बोर्ड चालू असला की ट्रान्सफॉर्मरच्या थोड्याशा उबेने डबा कोरडा राहतो, महिनोन्महिने बंद ठेवलेल्या बोर्डात ओल धरते. गडगडाट सुरू झाला की बंद करा, थांबला की परत चालू.

सेन्सरवर काटकसर करू नका. शटर खाली येताना मध्ये कोणी आलं तर ते थांबलं पाहिजे. अमेरिकेत 1993 पासून घरगुती गॅरेज ओपनरना अशी सोय बंधनकारक आहे, लहान मुलांचे जीव गेले म्हणून. आपल्याकडे सेन्सर हा कोटेशनमधला "ऐच्छिक" आकडा असतो आणि सगळ्यात आधी तोच कापला जातो. तुमच्याकडे सुट्टीत मुलं येणार, अंगणात मांजरं-कुत्री असणार. सेन्सर जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवा, आणि काच अशी ठेवा की मावळतीचं ऊन थेट त्यात शिरणार नाही, तुमच्याकडे पश्चिमेला समुद्र आहे. दमटपणाने काचेवर धूसर थर येतो, कोळी जाळं विणतात. आठवड्याला एकदा सुक्या फडक्याने पुसायचं काम आईंना सहज जमेल. ठाण्यात बसून मोबाइलवरून शटर बंद करायची सोय घेऊ नका. समोर काय आहे ते दिसत नसताना शटर चालवू नये.

मोटर बसवायच्या आधी, स्प्रिंगा भरून झाल्यावर, फिटरला शटर हाताने अर्ध्यावर आणून सोडायला सांगा. ते तिथेच थांबलं पाहिजे. खाली घसरलं तर स्प्रिंग कमी भरली आहे, वर पळालं तर जास्त. हे तुमच्यासमोर झाल्याशिवाय मोटर जोडू देऊ नका. दर सहा महिन्यांनी रिलीज ओढून हीच परीक्षा पुन्हा घ्या. त्याच वेळी बाबांचा हातही त्या तारेला सरावेल.

गाईडमध्ये ग्रीस भरू नका. वाळू आणि मीठ त्याला चिकटून घासणारा लगदा होतो. सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा पुरे. ग्रीस फक्त पाईपच्या बेअरिंगला. आणि महिन्यातून एकदा शटर बंद करून बाहेरच्या बाजूने गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात नाही धुतलं तरी चालेल, दिवाळीनंतर मात्र चुकवू नका. बोर्डाच्या डब्यावर आणि वर मोटरीवर पाणी मारायचं नाही, तिथे ओलसर फडकं.

काम पूर्ण होईल त्या दिवशी बोर्डाच्या टर्मिनलांचे, लिमिटच्या (शटर वर-खाली कुठे थांबायचं त्या) जागेचे आणि कपॅसिटरवरच्या आकड्याचे फोटो काढून ठेवा, एक प्रत आईबाबांच्या फोनमध्येही. पुढे कधी जुलैच्या पावसात मेस्त्री आला आणि कुठली वायर कुठे होती असा प्रश्न पडला, तर तुम्हाला ठाण्याहून निघावं लागणार नाही. आणि ऑर्डर देण्याआधी संध्याकाळी सात ते नऊमधलं व्होल्टेज तीन दिवस लिहून काढा, मोटरीची क्षमता त्यावरून नक्की सांगता येईल.